बी.एस.ए. मार्टिनी .२२ टार्गेट रायफल : वय आणि अस्सलपणा कसा ठरवावा?

करवीरकन्या :

नमस्कार. आमच्या घरात आईच्या वडिलांची एक .२२ टार्गेट रायफल आहे. आजोबांच्या निधनानंतर ती रीतसर जमा केली होती आणि वारस म्हणून माझ्या नावाचा परवाना झाल्यावर आता ताब्यात आली आहे. मी स्वतः रेंजवर आधुनिक रायफलने सराव करते, परंतु जुन्या शस्त्रांचे मला काहीच ज्ञान नाही.

रायफल एकनळी असून एका वेळी एकच काडतूस भरता येते. चापाभोवतीची कडी म्हणजेच लिव्हर आहे. ती खाली ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो आणि काडतूस भरण्याची जागा मोकळी होते. चौकटीवर, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या पेटीवर, तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चिन्ह आहे आणि रोमन लिपीत 'बी.एस.ए. गन्स लिमिटेड' असे कोरले आहे. नळीवर बारीक अक्षरांत 'पार्कर-रायफल्ड' असे आहे. मागे छिद्रातून पाहण्याची पीप-साइट आहे, तिच्यावर 'पार्कर-हेल' हे नाव दिसते. नळीच्या मुळाशी मुकुटाचे काही ठसे आहेत, पण ते निम्मे लाकडाखाली गेलेले आहेत.

घरात असे सांगितले जाते की आजोबांनी ही रायफल स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या एका मोठ्या इंग्रजी दुकानातून नवी कोरी घेतली. ती नेमकी कोणत्या काळातली आहे, आणि तिच्यावरचे सर्व भाग कारखान्यातून आले तसेच आहेत की नंतर बदलले आहेत, हे कसे ठरवावे?

सह्यकडा :

ही बी.एस.ए.च्या १२/१५ या मॉडेलची असावी, म्हणजे १९३८ ते १९५० या काळातली. नळीवर दुसऱ्या कंपनीचे नाव आहे, त्याअर्थी नळी बदललेली आहे आणि रायफल मूळ राहिलेली नाही. नळीचा काळा मुलामा उडाला असेल तर चांगल्या कारागिराकडून नवा मुलामा देऊन आणि कुंद्याला पॉलिश करून घ्या. शोभेसाठी तरी छान दिसेल.

जुना_आर्मरर :

पॉलिश आणि मुलाम्याचा विचार कृपया तूर्त बाजूला ठेवावा. जुन्या शस्त्राचा पुरावा त्याच्या पृष्ठभागावर असतो आणि तो एकदा घासला की परत मिळत नाही. मुलाम्याआधी लोखंड घासले जाते, त्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो आणि प्रूफचे, म्हणजे नळीच्या अधिकृत चाचणीचे, ठसे पुसट होतात. लाकूड घासले की ते शेजारच्या लोखंडापेक्षा खाली बसते. कारखान्यातून निघालेल्या रायफलीत ते लोखंडाच्या बरोबरीने किंवा किंचित वर असते. बोटाने चाचपून हा फरक कळतो, आणि करवीरकन्या यांनी आज सर्वांत आधी हेच पाहावे.

आता वयाकडे येऊ. अशा रायफलीला एकच वय असते असे धरून चालले की चूक होते. चौकट, नळी, आतली यंत्रणा, लाकूड आणि साइट या प्रत्येकाचे वय स्वतंत्रपणे ठरवावे लागते आणि मग ती वये एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते.

चौकटीपासून सुरुवात करतो. तीन टेकवलेल्या बंदुका हे बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ येथील बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीचे चिन्ह. कंपनी १८६१ ची आहे. परंतु १९१९ मध्ये तिची फेररचना होऊन सायकली, हत्यारे आणि बंदुका यांच्या वेगवेगळ्या उपकंपन्या झाल्या आणि बंदुकांची शाखा 'बी.एस.ए. गन्स लिमिटेड' झाली. त्यामुळे तुमच्या चौकटीवर हे नाव आहे एवढ्यावरूनच ती १९१९ पूर्वीची नाही असे म्हणता येते. हा खालच्या मर्यादेचा पुरावा झाला.

मॉडेलविषयी माझे मत सह्यकडा यांच्यापेक्षा वेगळे आहे. १२/१५ चा कुंदा आणि पुढचा लाकडी भाग भरदार असतो. आपल्या वर्णनावरून ठरवणे योग्य नाही, तेव्हा पुढचे लाकूड सडपातळ आणि आखूड आहे का, एवढे सांगावे. तसे असेल तर ही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या १२ नंबरच्या मॉडेलच्या घराण्यातली आहे. ते मॉडेल लहान मार्टिनी, म्हणजे लिव्हरने ठोकळा खाली झुकवणाऱ्या, चौकटीवर बांधलेले होते, आणि ती चौकट ऑस्ट्रेलियातील शाळकरी छात्रांसाठी केलेल्या .३१० कॅडेट रायफलीचीच होती.

या लहान चौकटीची एक खुबी अस्सलपणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बेल्जियममधील लिएजच्या फ्रँकॉट या शस्त्रकारांच्या रचनेप्रमाणे ठोकळा, चाप आणि स्प्रिंग हे सारे एकाच संचात बसवलेले असते आणि आडवी खीळ काढली की तो संच अखंड खाली निघतो. सफाईसाठी हे फार सोयीचे. पण याच सोयीमुळे एका रायफलीचा संच दुसऱ्या रायफलीत जाणेही सोपे असते. एका क्लबमध्ये पाच-सहा सारख्या रायफली असल्या की दुरुस्तीच्या टेबलावर त्यांची अदलाबदल होणे अगदी शक्य आहे. लिव्हरची झीज आणि चौकटीची झीज एकमेकांशी मेळ खाते का, हे म्हणूनच पाहावे.

'पार्कर-रायफल्ड' या शब्दांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे गैरसमज झाला आहे. या शब्दांचा अर्थ नळी बदलली असा नाही. जुन्या .२२ काडतुसांच्या बुडाच्या कडेतल्या स्फोटकातून गंज धरणारे क्षार उरत असत. नेमबाजाने त्याच संध्याकाळी नळी पाण्याने आणि तेलाने साफ केली नाही तर आतून खड्डे पडत. गंज न धरणारी काडतुसे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागली. त्यात मार्टिनीची नळी मागून सरळ साफ करता येत नाही, कारण मागे चौकटीची भिंत आहे. सफाईचा गज मुखाकडूनच घालावा लागतो आणि निष्काळजीपणे घातला तर मुखाजवळचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजतात. अशा नासलेल्या नळ्यांसाठी बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर या पेढीने, म्हणजे पुढच्या पार्कर-हेलने, हा उपाय रूढ केला. जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात नव्या आट्यांची पातळ पोलादी नळी घट्ट बसवायची, असे ते काम असे. बाहेरची नळी तीच राहते, आतला मार्ग नवा होतो.

तेव्हा नळीच्या मुखाकडे भिंगातून पाहावे. छिद्राभोवती केसासारखे बारीक वर्तुळ दिसले तर आत नळी बसवलेली आहे, यात शंका राहणार नाही. हे पाहताना रायफल रिकामी असल्याची खात्री आधी दोनदा करावी, ही सूचना आपल्याला नव्याने देण्याची गरज नाही.

टेम्सकाठ :

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या एका लहानशा क्लबमध्ये जुन्या मार्टिनी रायफलींनीच नेमबाजी करतो. जुना_आर्मरर यांच्या विवेचनात प्रूफच्या ठशांची भर घालतो, कारण काळ ठरवण्याचे सर्वांत भक्कम साधन तेच आहे.

ब्रिटनमध्ये बनवून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नळीची चाचणी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये व्हावी लागते. बर्मिंगहॅमचे जुने ठसे मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही. आणि धूरविरहित दारूसाठी मुकुटाखाली एन.पी. असे तीन निरनिराळे असत. १९०४ पासून १९५४ च्या नियमांपर्यंत ते चालले. त्यानंतर त्यांच्या जागी मुकुटाखाली बी.एन.पी. असा एकच मुख्य ठसा आला. केवळ एवढ्या भेदावरून महायुद्धापूर्वीची नळी आणि १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची नळी वेगळी ओळखता येते.

याहून नेमकी खूण म्हणजे खासगी तपासणीचा ठसा. १९५० ते १९७४ या काळात बर्मिंगहॅममध्ये फुलीसारख्या ठेवलेल्या दोन परशूंभोवती अक्षरे उमटवीत. त्यातले बी हे अक्षर शहराचे, अंक तपासनिसाचा आणि उरलेले अक्षर वर्षाचे असते. १९५० ला ए, १९५१ ला बी अशा क्रमाने ते चालते. आय हे अक्षर गाळले आहे आणि झेडला १९७४ येते. हा ठसा इतका लहान असतो की पुष्कळदा ओरखडाच वाटतो.

हे ठसे लाकडाखाली असतात. पुढचे लाकूड काढताना स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असाच पेचकस वापरावा. खाच फाटलेला स्क्रू दिसला की शस्त्र आधी कोणीतरी अडाणीपणे उघडले आहे हे कळते, आणि त्या यादीत आपली भर पडू नये. छायाचित्रे इथे टाकणार असाल तर शस्त्राचा नंबर झाकावा.

एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आत नवी नळी बसवल्यावर ते शस्त्र पुन्हा चाचणीला न्यावे लागते. म्हणून एकाच नळीवर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही काळांतले ठसे सापडले तर ती नळी जुनी असून नंतर दुरुस्त झाली आहे. नुसते नवे ठसे सापडले तर नळीच नंतरची आहे.

दूर_मेलबर्न :

कॅडेट रायफलीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. माझ्याकडे इथे परवान्यावर घेतलेली एक .२२ मार्टिनी आहे आणि विकणाऱ्याने ती 'बी.एस.ए. टार्गेट' म्हणून दिली. चौकटीवर कांगारूचा लहान ठसा आहे. ही कारखान्याची टार्गेट रायफल म्हणावी का?

जुना_आर्मरर :

कांगारूचा ठसा ही ऑस्ट्रेलियन सरकारच्या मालकीची खूण आहे. १९१० च्या सुमारास बी.एस.ए. आणि ग्रीनर या ब्रिटिश कंपन्यांनी तिकडच्या छात्रांसाठी .३१० कॅडेट रायफली पुरवल्या आणि पुढे त्या नागरिकांना विकल्या गेल्या. कित्येकांना नंतर .२२ करण्यात आले. आपल्या रायफलीचा ठोकळा खाली करून त्याचा समोरचा भाग पाहावा. .३१० काडतुसाची टोपी मध्यभागी असते आणि .२२ चे काडतूस कडेवर ठोकावे लागते, त्यामुळे मध्यावरचे जुने छिद्र बुजवून बाजूला नवे पाडल्याची खूण तिथे दिसेल. तसे असेल तर आपल्याकडे रूपांतरित कॅडेट आहे. ती उत्तम नेम धरू शकते आणि तिचा स्वतःचा इतिहास मोलाचा आहे. मात्र टार्गेट रायफल म्हणून घेतलेली किंमत रास्त होती का, याचा विचार करावा.

नदीकिनारी :

थोडे वेगळे विचारते. आमच्या क्लबमध्ये वाल्थर या जर्मन कंपनीची एक जुनी बंदूक आहे. तिच्यावर हरणाच्या शिंगाचा ठसा आणि शेजारी 'एच सी' अशी दोन अक्षरे आहेत. यावरून वर्ष कळेल का?

टेम्सकाठ :

कळेल. हरणाचे शिंग हे जर्मनीतील उल्म येथील प्रूफ हाउसचे चिन्ह आहे. युद्धानंतर वाल्थर आणि आन्शुट्झ या दोन्ही कंपन्या आपले जुने गाव त्सेला-मेलिस सोडून उल्मला आल्या. तिथे अक्षरांनी अंक दाखवण्याची पद्धत आहे : ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, सी म्हणजे दोन असे आठसाठी आयपर्यंत, आणि नऊसाठी के. एच सात आणि सी दोन, म्हणजे १९७२. कोणाकडे 'त्सेला सेंट ब्लाझी' असा पत्ता कोरलेले जर्मन शस्त्र असेल तर ते बहुधा आणखी बरेच जुने आहे, कारण त्सेला आणि मेलिस ही गावे १९१९ मध्ये एक झाली आणि पत्ता बदलला.

करवीरकन्या :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. परवानाधारक गनस्मिथकडे बसून, त्यांच्याच हातून पुढचे लाकूड काढून घेतले. पुढचे लाकूड खरोखरच सडपातळ आणि आखूड आहे. जे दिसले ते क्रमाने लिहिते.

नळीच्या मुळाशी मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. हे तिन्ही जुने ठसे स्पष्ट आहेत. त्यांच्या शेजारी, किंचित तिरका, मुकुटाखाली बी.एन.पी. हा ठसाही आहे. आणखी खाली दोन परशूंची फुली आहे, तिच्याभोवती जी, बी आणि एक अंक आहे. मुखाशी भिंगातून बारीक वर्तुळ दिसते. नळीखालचा नंबर आणि चौकटीवरचा नंबर एकच आहे आणि तोच परवान्यावरही आहे. लाकूड लोखंडाच्या बरोबरीने बसलेले आहे, कुठेही खाली गेलेले नाही. पीप-साइटच्या पायाशी चौकटीत दोन छिद्रे जास्तीची आहेत, ती लहान स्क्रूंनी बुजवलेली आहेत.

जुना_आर्मरर :

फार चांगले निरीक्षण केलेत. एवढ्यावरून पुष्कळ काही खात्रीने सांगता येते.

चौकट आणि बाहेरची नळी एकमेकींच्या सोबतीनेच कारखान्यातून निघाल्या आहेत. जुळणारा नंबर आणि दोहोंशी सुसंगत असे जुने ठसे हा त्याचा पुरावा. कंपनीच्या नावावरून त्या १९१९ नंतरच्या आहेत. वरची मर्यादा इतकी पक्की नाही, पण पुढच्या लाकडाची ठेवण आणि आतून नासलेली नळी ही दोन्ही लक्षणे गंज धरणाऱ्या काडतुसांच्या काळाकडे बोट दाखवतात. म्हणून १९२० चे दशक हे माझे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच नोंदवावे. आतली नळी मात्र निश्चितपणे नंतरची आहे : जी या अक्षराचे वर्ष १९५६, आणि बी.एन.पी.चा ठसा त्याला दुजोरा देतो. साइट पार्कर-हेलची आहे आणि ते नाव १९३० च्या दशकातले, तेव्हा ती चौकटीनंतर बसवली गेली. बुजवलेली छिद्रे बहुधा आधीच्या साइटची आहेत.

सह्यकडा यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण संग्राहकांमध्ये 'बदल झाला म्हणजे किंमत गेली' असे मानणारे पुष्कळ आहेत. लष्करी रायफलीच्या बाबतीत ते बरेचसे बरोबरही आहे. टार्गेट रायफल मात्र स्पर्धेसाठी वापरण्याची वस्तू होती. तिचा मालक हंगामागून हंगाम तिच्यात सुधारणा करीत असे, आणि नासलेली नळी तशीच ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. त्याच शहरातल्या नामांकित पेढीने, त्याच काळाच्या पद्धतीने केलेले आणि अधिकृत चाचणीतून गेलेले काम हा त्या रायफलीच्या इतिहासाचा भाग आहे. काल-परवा घासून दिलेला चकचकीत मुलामा आणि हे काम यांना मी एका मापाने मोजणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला कदाचित रुचणार नाही. १९५६ मध्ये बर्मिंगहॅमला ज्या नळीची चाचणी झाली, ती नळी त्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये होती. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत घेतलेली रायफल दुरुस्तीसाठी समुद्रापार पाठवून परत आणणे अशक्य नव्हे, परंतु .२२ च्या रायफलीसाठी एवढा खटाटोप कोणी केला असेल असे वाटत नाही. जुना परवाना पाहावा.

सह्यकडा :

दोन काळांतल्या ठशांचा मुद्दा पटला. नळी बदललेली नाही, हे मान्य. पण विकताना ही दुरुस्ती स्पष्ट सांगितली गेलीच पाहिजे, एवढा माझा आग्रह राहील.

जुना_आर्मरर :

त्यात दुमत असण्याचे कारणच नाही. 'नळी आतून नवी केलेली, १९५६' हे शब्द वर्णनात पहिल्या ओळीत हवेत.

करवीरकन्या :

आजोबांचा जुना परवाना आईच्या कपाटात मिळाला. त्यावर दोन शस्त्रे आहेत. पहिली बारा बोअरची दुनळी बंदूक, आणि दुसरी ही रायफल. रायफलीची नोंद वेगळ्या शाईने, १९५८ सालची आहे. दुनळी आता मामांच्या परवान्यावर आहे; त्यांना पाहायला सांगितले तर तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'ए. अँड एन. सी. एस. एल.' असे कोरलेले निघाले.

टेम्सकाठ :

म्हणजे घरातली आठवण खरी आहे, फक्त ती दुसऱ्या शस्त्राची आहे. ती अक्षरे आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेडची. मुंबईत काळा घोड्याला त्यांचे मोठे दुकान होते आणि ती इमारत आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग याच नावाने उभी आहे. १९३४ मध्ये सोसायटीचे नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झाले, तेव्हा दुनळी त्याआधीची असण्याचा संभव मोठा आहे. रायफल मात्र दुरुस्त होऊन, वापरलेली म्हणून भारतात आली आणि १९५८ मध्ये आजोबांकडे पोहोचली, असा क्रम सर्व पुराव्यांशी जुळतो.

करवीरकन्या :

आईला हे वाचून दाखवले. तिला वाईट वाटेल अशी भीती होती, पण तिने लगेच सांगितले की १९५८ हे आजोबांनी रेंजवर जाऊ लागल्याचे वर्ष. म्हणजे ही रायफल त्यांनी शिकारीसाठी किंवा शोभेसाठी घेतली नव्हती. निशाण्यावर नेम धरण्यासाठीच घेतली होती. माझ्यासाठी ही माहिती नव्या कोऱ्या रायफलीपेक्षा मोठी आहे.

आता दोन शेवटचे प्रश्न. जुन्या पद्धतीची साइट शोधून बसवावी का? आणि ही रायफल वापरता येईल का?

जुना_आर्मरर :

साइट बदलू नये. आजोबांनी ज्या साइटमधून पाहिले ती हीच असण्याचा संभव अधिक आहे, आणि बाजारातून आणलेला जुना भाग बसवल्याने रायफल अधिक अस्सल होत नाही. नवे छिद्र तर कोणत्याही कारणासाठी पाडू नये.

वापराआधी गनस्मिथकडून तीन गोष्टी तपासून घ्याव्यात : आत बसवलेली नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, ठोकळा बंद झाल्यावर काडतुसामागे फट राहते का, आणि चाप भरवशाने धरतो का. मार्टिनीचा चाप वर्षानुवर्षांच्या वापराने फार हलका होतो आणि लिव्हर जोरात बंद केली तर आपोआप सुटू शकतो. दुरुस्ती लागली तर ती परवानाधारकाकडूनच व्हावी; शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कलम ८ प्रमाणे ओळखीचा नंबर पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. नंबरावरून पॉलिशचा कागद फिरवू देऊ नका, असे मी सुरुवातीपासून सांगतो आहे त्यामागे हेही कारण आहे.

सर्व ठीक निघाले तर साध्या वेगाची टार्गेट काडतुसेच वापरावीत, जास्त वेगाची नकोत. सफाईसाठी मुखाशी बसणारी पितळी मार्गदर्शक कडी घेऊन, प्लॅस्टिकचे आवरण असलेला एकसंध गज वापरावा. प्रूफच्या ठशांची छायाचित्रे, जुन्या परवान्याची प्रत आणि आईंनी सांगितलेली १९५८ ची माहिती एका पाकिटात घालून रायफलीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.

करवीरकन्या :

गनस्मिथनी तपासणीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ दिली आहे. चापाविषयी त्यांचे जे मत होईल ते इथे लिहीन.